पट्टे सापडले: डबल मोटर पंपाची पुढची हकिगत

मंडळी, फवारणीनंतर लॉनवर पडणाऱ्या पट्ट्यांचं गौडबंगाल सुटलं. चूक हिराकसाची (म्हणजे फेरस सल्फेट, गवताला लोह देणारं) नव्हती, आणि शेजारचे बापू म्हणतात तशी माझ्या चालण्याचीही नव्हती.

मागच्या वेळी पाठीवर घ्यायच्या नव्या १६ लिटरच्या, बॅटरीवरच्या डबल मोटर फवारणी पंपाचं कौतुक करून थांबलो होतो. त्यानंतर पाऊस उघडला आणि लॉन पिवळट पडलं. आमच्या बुधगावच्या बोअरचं पाणी क्षाराचं, त्यामुळं जमिनीत लोह असून गवताला लागत नाही. लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून फवारा मारला. सायट्रिक विसरलात तर या पाण्यात हिराकस तांबूस होऊन गाळणीत बसतो, हे एकदा भोगून झालंय. दोन दिवसांत गवत गर्द हिरवं झालं, पण पट्ट्यापट्ट्यांनी. कुंपणापलीकडं बापूंची द्राक्षबाग. ते तिकडूनच ओरडले, “आमच्या तीन पिढ्या हरळी खणण्यात गेल्या. तू ती पाळतोस ते पाळतोस, वर वाघासारखी रंगवतोस व्हय?” माझं लॉन बर्म्युडा गवताचं, आणि बर्म्युडा म्हणजे शेवटी हरळीच, त्यामुळं उत्तर नव्हतं.

पहिला संशय अर्थातच नोझलवर. पंपासोबत आलेलं हॉलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा) वेलीच्या पानांना चौफेर भिजवायला ठीक, सपाट गवतावर मात्र मधे विरळ आणि कडेला दाट मारतं. ते काढून हिरवं फ्लॅट फॅन (पंख्यासारखा सपाट फवारा), ११०-०१५, लावलं; ११० म्हणजे फवाऱ्याचा कोन, ०१५ म्हणजे भोकाचा आकार. कमी पाण्यात काम उरकेल हा लोभ. पंधरा दिवसांनी पुन्हा हिराकस मारला आणि लांबच्या लांब पट्टे खरंच गेले. त्या आनंदात बापूंना मुद्दाम चहाला बोलावून लॉन दाखवायला नेलं, तर त्यांनाच आधी दिसलं: आता पट्टे आडवे. शिडीच्या पायऱ्यांसारखे.

इथं माझे आठ दिवस गेले. गाळणी धुतली, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली, लान्स (नोझलची दांडी) बदलली, उंची मोजून अर्ध्या मीटरवर धरली. पायऱ्या तशाच. मग एका दुपारी डोक्यात आलं की चालण्याचा वेग किंवा ओव्हरलॅप (शेजारच्या पट्ट्यावर चढवायचा भाग) चुकला तर पट्टे चालण्याच्या दिशेनं पडायला हवेत. आडवे पडतात त्याअर्थी मी चालत असताना फवाराच कमी-जास्त होतोय.

टाकीत साधं पाणी भरून गच्चीवरच्या कोरड्या शहाबादी फरशीवर एक सरळ पट्टा मारला आणि वाळताना बघत बसलो. (ही चाचणी फुकट आहे, नवा पंप घेतल्या दिवशीच करा.) ऊन कडक होतं, दोन मिनिटांत शिडी उमटली. टेपनं मोजलं तर पायरी ते पायरी ४० सेंटिमीटर. मग ट्रिगर दाबून नुसता आवाज ऐकला: टक-टक-टक, १० सेकंदांत सोळा-सतरा ठोके. मी मिनिटाला ४० मीटर चालतो, म्हणजे १० सेकंदांत साडेसहा मीटरच्या वर थोडं. भागून बघा, ठोक्यामागं तेच ४० सेंटिमीटर. मी बघितलं आणि गच्चीवरच एकटा ओरडलो.

ठोके प्रेशर स्विचचे. दाब ठराविक आकड्यावर गेला की स्विच मोटर तोडतो, उतरला की पुन्हा जोडतो. ट्रिगर सोडल्यावर पंपावर ताण येऊ नये म्हणून ही सोय. पण ०१५ नोझल ३ बारला मिनिटाला सोडतं जेमतेम ६०० मिली, आणि मागून दोन मोटरी त्याच्या कितीतरी पट ढकलतात. दाब क्षणात वर, तूट, खाली, जोड. लान्सला गेज (दाब मोजायचं घड्याळ) लावलं तर काटा १ ते साडेतीन बारमध्ये नाचत होता. ‘डबल मोटर घ्या, ताकद जास्त’ हे दुकानात ऐकून मी भुललो. ताकद झाडांना लागते. लॉनला लागतो संथ, एकसारखा दाब.

उपाय दोन केले. पहिला सोपा: हिरवं काढून निळं ०३ लावलं. ३ बारला १.२ लिटर, त्यामुळं स्विचला तेवढी घाई नाही. दुसरा म्हणजे रिटर्न लाइन: डिलिव्हरीच्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड), तिथून कॉक, आणि जास्तीचं पाणी परत टाकीत. आपल्याकडं ड्रिपचं सामान गल्लोगल्ली मिळतं म्हणून ड्रिपचाच टी आणि ग्रोमेट (रबरी कडं) बसवलं. चूक. तो माल कमी दाबाचा. तिसऱ्या मिनिटाला टी निसटला आणि हिराकसाचं पाणी पाठीवरून थेट चपलेत. सदरा गेला, पोर्चच्या फरशीवर तांबडे डाग पडले, आणि घरात दोन दिवस कामापुरतं बोलणं. आता कॉम्प्रेसरच्या सामानातला पितळी टी आणि नीडल व्हॉल्व्ह (बारीक कमी-जास्त करता येणारा कॉक) आहे. त्यानं काटा दीड ते अडीचमध्ये आला.

लान्सच्या टोकाला स्थिर दाबाचा व्हॉल्व्ह मागवणार होतो, पण हे लिहिताना सुचलं: निम्मं पाणी परतच पाठवायचं तर दोन मोटरी हव्यात कशाला? आत्ता उठून दुसऱ्या मोटरचं बटण बंद करून बघितलं. काटा १.८ ते २.२! कानाला ठोका जवळपास नाही. भांड्यात मिनिटाला ९८० मिली पडतं, म्हणजे माझ्या दोन गुंठ्यांना पाच लिटर पुरे. व्हॉल्व्ह रद्द. रिटर्न मात्र ठेवतो, टाकीतली पावडर त्यानं ढवळली जाते.

म्हणून जे नवा पंप घ्यायच्या विचारात आहेत त्यांना माझं म्हणणं: सिंगल मोटर, रेग्युलेटरवाला घ्या. आणि घेण्याआधी दुकानात डायफ्रॅम (पंपातला रबरी पडदा) आणि प्रेशर स्विच सुटा मागून बघा. ‘मागवून देतो’ म्हणाले तर बाहेर पडा. लेड ॲसिड बॅटरी असेल तर चार्जिंग उतरलेली तशीच पावसाळाभर ठेवू नका, माझी पहिली तशीच मेली.

एवढा आटापिटा कशाला, तर पुढचा नंबर लॉनमधल्या लव्हाळ्याच्या तणाचा. टू-फोर-डी हे तणनाशक इथं नकोच, बापूंच्या द्राक्षाला त्याची नुसती झुळूक लागली तरी पानं वाकडी होतात. हॅलोसल्फ्युरॉन हे लव्हाळ्याचं औषध ऊसवाले एकरी ३६ ग्रॅम मारतात, माझ्या वाट्याला १.८ ग्रॅम येतं. एवढंसं औषध शिडीसारखं पडलं तर एका पायरीवर दुप्पट आणि दुसरीवर काहीच नाही.

पण टीचा आटा अजून थेंब-थेंब गळतोय, बरोबर कमरेच्या वर. हिराकस असेपर्यंत सदऱ्यावर भागलं. २०१७ मध्ये यवतमाळात फवारताना झालेल्या विषबाधा वाचल्यापासून गळका पंप औषध भरून पाठीवर घ्यायची माझी हिंमत नाही. टेफ्लॉन टेप दोनदा गुंडाळून झाली. रविवारी मिरजेतून तांब्याचं वॉशर आणतो, तोवर लव्हाळा मजेत आहे.