'डेस्टिनेशन नॉट वर्किंग' आणि आढीतला हापूस

लँडिंग पेज हा प्रकार तसा सोपा आहे. जाहिरातीवर क्लिक केल्यावर माणूस ज्या पानावर उतरतो ते पान, आणि त्या पानाला काम एकच. आमचं काम म्हणजे काकांच्या बागेतला देवगड हापूस पुण्यात घरपोच विकणं. आधी जाहिरात होमपेजवर जायची, तिथे काजू, कोकम, फोटो गॅलरी, सगळा बाजार, लोक यायचे, बघायचे आणि जायचे. मग वेगळं पान केलं, वर जाहिरातीतलीच ओळ, खाली पेटीचा भाव, पिनकोड आणि ऑर्डरचं बटण. मेनूबिनू काही नाही. चुलतभावाने एका संध्याकाळी करून दिलं.

खरी वाट पुढे लागली. गूगल अ‍ॅड्समध्ये जाहिरात डिसअप्रूव्ह, कारण 'डेस्टिनेशन नॉट वर्किंग', म्हणजे जाहिरातीचं पान उघडतच नाही. अहो, माझ्या मोबाइलवर उघडतंय, काकूच्या मोबाइलवर उघडतंय, मग वर्किंग कसं नाही? होस्टिंगवाल्यांच्या, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर आमची साइट आहे त्यांच्या चॅटवर गेलो. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण आणि उत्तर तेच, "सर, आमच्याकडून सगळं ओके आहे, कॅश क्लिअर करून बघा." तिकीट टाकलं की ते आपोआप बंद व्हायचं. इकडे एप्रिल चालू, आंबा आढीत पिकतोय आणि काकांचा रोज फोन, "काय रे, झालां काय तुझां तां गूगल?"

शेवटी त्यांचा नाद सोडला. गूगलचा अ‍ॅड्सबॉट म्हणून एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम असतो, तो जाहिरातीचं पान स्वतः उघडून बघतो. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये यूजर एजंट, म्हणजे ब्राउझर साइटला सांगतो ती आपली ओळख, बदलून त्याचं नाव टाकलं आणि समोर ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही'! होस्टिंगची फायरवॉलच, म्हणजे नको त्यांना अडवणारी भिंतच, त्याला दारातून हाकलत होती. स्क्रीनशॉट पाठवला, हे बघा तुमचं ओके. मग कुठून तरी सीनियर उगवला, बॉटला अडवणारा नियम काढून टाकला, मी अपील केलं, जाहिरात चालू. साधं सॉरीपण नाही. तेव्हा सपोर्टशी बोलताना आधी स्क्रीनशॉट, मग शब्द.

हां, आणि रोबोट्स डॉट टीएक्सटीपण बघा. कुठल्या बॉटने काय बघायचं ते सांगणारी ती साइटवरची फाइल. त्यात सगळ्या बॉटसाठी टाकलेला तारा (*) अ‍ॅड्सबॉट मानत नाही, पण नाव घेऊन अडवलं असेल तर अडतो. कॅमेऱ्यातले फोटो तसेच चढवू नका, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करा, मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असं गूगलचं माप आहे, पेजस्पीड इनसाइट्सवर फुकट कळतं. ऑर्डरनंतरचं 'धन्यवाद' पान वेगळं ठेवा आणि कन्व्हर्जन टॅग, म्हणजे ऑर्डर झाल्याचं गूगलला कळवणारा कोड, तिथेच लावा, नाहीतर पैसे कुठल्या जाहिरातीने आणले ते कळणारच नाही.

कोकणच्या हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, काकांची त्यात नोंदणी आहे, तो नंबर भावाच्या शेजारी टाकला. त्यानंतर "कर्नाटकचा नाही ना?" हे फोन बरेच कमी झाले. भाव मात्र अजून फोन करूनच विचारतात, सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलाय तरी.