कॉल ड्रॉपचा एक रुपया आणि ट्रायचे अधिकार

जानेवारी 2016 मध्ये मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तुटलेल्या फोनच्या रेघा मारून ठेवत असे. गावी आई मागच्या दाराच्या पायरीवर उभी राहिली तरच तिला रेंज मिळे, आणि फोन तुटून पुन्हा लागेपर्यंत तिच्या औषधांचे बोलणे राहून जाई. त्या वर्षीच्या 1 जानेवारीपासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ट्रायचा, नवा विनियम लागू झाला होता. चालू कॉल मध्येच तुटला तर कंपनीने फोन लावणाऱ्याच्या खात्यात एक रुपया जमा करायचा, दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा. माझ्या खात्यात काहीच जमा झाले नाही, कारण कंपन्या तोवर न्यायालयात गेल्या होत्या. फेब्रुवारीअखेर दिल्ली उच्च न्यायालयाने विनियम वैध ठरवला, आणि 11 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

त्या दिवशी मला फार राग आला होता. पुढे निकालपत्र सावकाश वाचले, तेव्हा माझे मत बदलले.

1997 च्या ट्राय कायद्याचे कलम 36 प्राधिकरणाला विनियम करण्याचा अधिकार देते, पण ते विनियम मूळ कायद्याशी सुसंगत असले पाहिजेत. ट्रायच्याच सेवा-दर्जाच्या निकषांनुसार महिन्याच्या सरासरीत दोन टक्क्यांपर्यंत कॉल ड्रॉप चालत होते. म्हणजे निकष तंतोतंत पाळणाऱ्या कंपनीलाही नव्या विनियमाने प्रत्येक तुटलेल्या कॉलचा भुर्दंड बसणार होता. शिवाय काही कॉल ग्राहकाच्या बाजूच्या कारणांनीही तुटतात, हे ट्रायच्याच कागदपत्रांत नमूद होते. तरीही दोष कुणाचा हे न पाहता भार कंपनीवर टाकला गेला, यावर न्यायालयाने नेमके बोट ठेवले.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पारदर्शकतेचा भाग. कायद्याच्या कलम 11(4) नुसार ट्रायने आपले काम पारदर्शकपणे करायचे असते. हरकती मागवल्या गेल्या होत्या, पण त्या का मान्य झाल्या नाहीत याची समाधानकारक कारणे विनियमासोबत दिली गेली नव्हती. अमेरिकेच्या 1946 च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याच्या धर्तीवर संसदेने कायदा करावा, मसुदा जाहीर करून, हरकती ऐकून, त्यांना सकारण उत्तर देऊन मगच नियम व्हावेत, असे न्यायालयाने सुचवले. असा सर्वसाधारण कायदा अजून झालेला नाही, आणि याची खंत कंपन्यांपेक्षा आपल्याला अधिक वाटायला हवी. कारणांशिवाय केलेला नियम वकिलांची फौज बाळगणारी कंपनी न्यायालयात पाडून घेते; त्यात ग्राहकाच्या पदरची भरपाई मात्र जाते.

ऑगस्ट 2024 मध्ये ट्रायने सेवा-दर्जाचे नवे विनियम काढले. एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक काळ बंद राहिली, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वैधतेत वाढ मिळावी, अशी तरतूद त्यांत आहे. किती तास, कोणते क्षेत्र आणि काय भरपाई हे त्यात मोजून सांगितलेले असल्याने ही तरतूद मला अधिक भक्कम वाटते. पायरीवर उभ्या असलेल्या आईचा पाच मिनिटांत तुटणारा फोन मात्र या तरतुदीच्या कक्षेत येत नाही.