ब्रिटानिया संग्रह, नोंद सातवी: कार्टव्हील मिळाली

पावसाळाभर रिकामा राहिलेला ट्रेमधला खण अखेर भरला. ब्रिटनची १७९७ ची कार्टव्हील (म्हणजे गाडीचं चाक) पेनी! काठाला एक ठेच आहे, राजाचा गाल झिजलाय, पण मागची ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं स्त्रीरूप, छान टिकलीय. हातात घेतल्याबरोबर वजन जाणवतं. मूळ हिशेब पेनीला एक औंस (सुमारे २८.३५ ग्रॅम) तांब्याचा. माझी काट्यावर २७.९ ग्रॅम भरली. कड रुंद आणि उंच, अक्षरं त्या कडेत खोल उतरवलेली. मधलं चित्र वाचलंय ते या कडेमुळेच.

भिंगाखाली तासभर ब्रिटानियाकडेच बघत होतो. एका हातात ऑलिव्हची डहाळी, दुसऱ्यात त्रिशूळ, पायाशी लाटा, लांबवर एक गलबत. माझ्या मते सगळा अर्थ त्या त्रिशूळात आहे. इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सच्या १६७२ च्या फार्दिंगवर (पाव पेनीच्या नाण्यावर) तिच्या हातात भाला होता. या पेनीवर त्या जागी समुद्रदेव नेपच्यूनचं शस्त्र आलं.

आणि ही मुळात हरलेली बाई! तुर्कस्तानातल्या ॲफ्रोडिसियसच्या शिल्पात रोमन सम्राट क्लॉडियस तिला जमिनीवर दाबून धरतो. नंतरचा सम्राट हेड्रियनने तिला नाण्यावर बसवलं तेही रोमचा एक प्रांत म्हणून. त्याच्यानंतरच्या अँटोनायनस पायसच्या इ.स. १५४-५५ च्या तांब्याच्या नाण्यावर तर ती मान खाली घालून बसलीय. तीच बैठक दीड हजार वर्षांनी इंग्रजांनी स्वतःची म्हणून उचलली. हे आठवलं की नाणं ठेववत नाही.

ट्रेमध्ये तिच्या शेजारी मी मुंबई इलाख्याचा १७९१ चा तांब्याचा पैसा ठेवलाय, तराजू आणि खाली ‘अदल’ (न्याय) हा शब्द असलेला. दोन्ही बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीतले, वाफेच्या यंत्रावर पाडलेले. आणि मुंबईचा सहा वर्षांनी थोरला!

राणी व्हिक्टोरियाच्या ‘बन हेड’ (अंबाड्याच्या चेहऱ्याच्या) पेन्या (१८६०-९४) लावून झाल्या. त्यांवर डावीकडे दीपगृह, उजवीकडे जहाज. १८९५ पासून दोन्ही गेली. १९३७ ला दीपगृह परतलं, जहाज नाही. नवख्यांनी एवढं बघितलं तरी मागच्या बाजूवरून काळ ओळखता येतो. मात्र घासूनपुसून चकचकीत केलेली पेनी घेऊ नका, लाटांच्या रेषा आधी जातात.

आता १८९५ ची बरी प्रत हवी आहे. अदलाबदलीला माझ्याकडे १९३७ च्या दोन जादा आहेत.