ट्रकच्या हौद्यापासून चुलीच्या तोंडापर्यंत : आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप गोव्यातल्या डिचोलीत, बाजारापासून थोडं बाहेर. वडिलांनी ते सुरू केलं तेव्हा खाणींचे ट्रक हेच आमचं गिऱ्हाईक होतं. खनिज वाहून वाहून हौद्याचा तळ झिजतो, कोपरे फाटतात, मागचं फाळकं वाकतं. पावसाळ्यात खाणी बंद असायच्या, त्या चार महिन्यांत दुरुस्तीला ट्रकांची रांग लागायची. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि त्या पावसाळ्यानंतर एकही ट्रक खाणीवर गेला नाही. आठ माणसं होती आमच्याकडे, तिघं राहिली. ग्रिल, गेट, पाण्याच्या टाकीचे स्टँड, मिळेल ते काम करत होतो.

त्याच हिवाळ्यात आईचा खोकला जाईना. डॉक्टरांनी छाती तपासली आणि पहिला प्रश्न विचारला, "चूल पेटवता का घरात?"

घरात गॅस होता, माझ्या लहानपणापासून होता. गोव्यात आज गॅस नसलेलं घर शोधावं लागेल. तरी आमच्या डिचोली-सत्तरी-पेडण्याकडच्या किती घरांत मागच्या पडवीत चूल पेटते ते पाहायला पहाटे यावं. उकड्या तांदळाची पेज शिजायला वेळ घेते. न्हाणीतल्या तांब्याच्या भाणात सगळ्या घराच्या आंघोळीचं पाणी तापतं. आणि माडाखाली चुडतं म्हणजे झावळ्या, सोडणं म्हणजे नारळाची सालं, करवंट्या रोज पडत असताना त्यासाठी सिलिंडर जाळायला कुणाचाच हात होत नाही. आई चूल सोडणार नव्हती. म्हणून मग चूलच बदलायची ठरवली.

माझी पहिली चूल हौद्याच्या पाच मिलिमीटरच्या पत्र्याची होती. जाड, मजबूत, दोघांनी उचलावी लागणारी. पेटवली आणि पहिली वीस मिनिटं स्वयंपाकघर धुराने भरून गेलं. आई काही बोलली नाही, पदर नाकाला लावून बाहेर जाऊन बसली. ते मला फार लागलं.

धूर म्हणजे नेमकं काय, हे मला त्यानंतर समजलं. लाकूड तापलं की त्यातून आधी वाफ निघते, मग जळणारे वायू निघतात. त्या वायूंना पुरेशी आच, पुरेशी हवा आणि जळायला थोडी सवड मिळाली की त्यांची ज्वाळा होते. यातलं एक जरी कमी पडलं की ते न जळताच बाहेर पडतात. तो धूर. म्हणजे धुरातून तुमचं सरपणच वाया जात असतं, आणि जाताना ते बाईच्या छातीतून जातं. माझ्या जाड पत्र्याने आगीची सगळी उष्णता आधी स्वतः पिऊन टाकली, जाळाची जागा थंड राहिली, म्हणून धूर झाला. ट्रकला जे चांगलं ते चुलीला वाईट निघालं.

वाट सापडली ती मामाच्या घरच्या जुन्या तांब्याच्या बंबात. बंबाच्या मधल्या नळीत जाळ नीट धरला की तो खालून हवा ओढत 'भुर्र' असा आवाज करतो, आणि त्या वेळी वरून धूर जवळजवळ दिसेनासा होतो. हा आवाज आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या ऐकलेला आहे. पुढे वाचनात आलं की अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात ॲप्रोव्हेचो नावाच्या केंद्रात लॅरी विनिआर्स्की यांनी 1982 च्या सुमारास हेच तत्त्व घेऊन चूल बसवली होती. इंग्रजी एल अक्षरासारखी वळणारी जळणाची वाट, भोवती उष्णता धरून ठेवणारा हलका थर, आणि आगीच्या लगेच वर भांडं. तिला रॉकेट चूल म्हणतात.

आपल्याकडचं कामही काही कमी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल नावाची सुधारित चूल झाली. हैदराबादच्या एस. पी. राजूंनी बिनधुराच्या चुलीवर काम केलं. पुण्याच्या आरती संस्थेची, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटची, साच्यातून काढायची दोन भांड्यांची लक्ष्मी चूल महाराष्ट्रातल्या अनेक घरांत गेली. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983 पासून 2002 पर्यंत चालला, त्यात देशभर तीन कोटींवर चुली बसल्या. यांपैकी पुष्कळ चुली दोन-चार वर्षांत मोडल्या, धुराडी तुंबली, आणि माणसं परत तीन दगडांवर आली. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. चूल बसवून निघून यायचं नसतं, एवढं आम्ही त्यातून घेतलं.

मग पत्रा बाजूला ठेवला. गिरणीतून भाताच्या तुसाची राख पोत्याने आणली. ती वजनाला हलकी आणि उष्णता अडवायला उत्तम. जाळाच्या जागेभोवती ती ठासून भरली. आतल्या नळीसाठी आमच्या भागातल्या एका कुंभाराबरोबर बसलो. मातीत लाकडाचा भुसा कालवायचा, विटा भाजताना भुसा जळून जातो आणि आत बारीक पोकळ्या राहतात. पहिल्या खेपेच्या सगळ्या विटा तडकल्या. भुसा जाड होता आणि वाळवायची घाई केली होती. भुसा चाळून घेतला, सावलीत पंधरा दिवस वाळवल्या, तेव्हा कुठे विटा टिकल्या. त्या विटेचा एक तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. एका टोकाला निखारा ठेवला तरी दुसरं टोक हातात धरता येतं.

वजनकाट्यावर मोजलेलं सांगतो. पाच लिटर पाणी उकळायला आईच्या जुन्या चुलीवर पाऊण ते एक किलो सुकं लाकूड लागत होतं. नव्या चुलीवर चारशे ते साडेचारशे ग्रॅममध्ये पाणी उकळलं. आईने पेज ठेवली, मी शेजारी बसून होतो. मध्ये तिने एकदा वाकून फुंकणी घेतली आणि तशीच खाली ठेवली. फुंकायला काही नव्हतं.

पहिल्या वर्षी आम्ही शेजारपाजारच्या, नात्यातल्या घरांना चुली दिल्या. दुसऱ्या वर्षी सत्तरीत, फोंड्यात जाऊ लागलो. आणि तिसऱ्या वर्षीच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, जे झालं, ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

वाळपईच्या पुढे एका मोठ्या घरात दोन भांड्यांची, धुराड्याची चूल बसवली होती. घरच्यांना कौलं काढायची नव्हती, म्हणून पाइप भिंतीतून आडवा बाहेर काढून वळचणीखाली वर वळवला. दोन कोपरे आले. मला ते पटलं नव्हतं, तरी मी हो म्हटलं, गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून. चवथीच्या सकाळी काकींचा फोन आला. "बाबू, बावीस माणसं घरात, खतखत्याची भाजी चुलीवर, आणि तुझी चूल सगळा धूर आत सोडते. देवासमोर मुलं खोकतायत." आमच्याकडेही गणपती होता. आरती भावावर सोपवली, माळ्यावरची सुकी लाकडं पोत्यात भरली आणि गाडी काढली. बाहेर पावसाची झोड आणि पश्चिमेचा वारा थेट त्या भिंतीवर आदळत होता. पाइपचं तोंड आढ्यापेक्षा खूप खाली, वारा धूर परत आत ढकलत होता. वर सरपण पावसात भिजलेलं. त्या दिवशी पाइप काढून ठेवला, सुकी लाकडं दिली, मागची दारं-खिडक्या उघडल्या, आणि त्यांचं जेवण तसंच झालं. काकींनी मला पानावर बसवलं. मला घास उतरत नव्हता.

पाऊस ओसरल्यावर पाइप सरळ छपरातून वर काढून दिला, पैसे न घेता. तेव्हापासून धुराडं सरळ वर जाईल आणि आढ्याच्या किमान दोन फूट वर निघेल, तरच आम्ही काम घेतो. त्यासाठी मंगळूरी कौलाच्या मापाचं पत्र्याचं कौल आम्ही स्वतः बनवतो. त्याला मधोमध बाही जोडलेली असते, एक कौल काढून तिथे हे बसतं, गळत नाही. लाकडी वाशांपासून पाइप वीतभर लांब राहील असं पाहतो आणि छपरातून जाताना दुहेरी नळी घालतो. माथ्यावर पावसाची टोपी. किनाऱ्याकडच्या घरांत, मोरजी-हरमलच्या बाजूला, जस्ताचा पाइप खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत खलास झालेला पाहिला, म्हणून तिकडे 316 दर्जाचं स्टेनलेस वापरतो. महाग पडतं, पण तिथे दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही. सिमेंटचा जुना ॲस्बेस्टॉस पाइप कुणी फुकट दिला तरी बसवत नाही.

आता माणसं दुकानात येतात आणि विचारतात, "बिनधुराची चूल केवढ्याला?" आम्ही आधी त्यांना बसवतो आणि विचारतो: रोज काय शिजतं, भांडं केवढं, लाकूड कसलं, आणि चुलीपाशी बसतं कोण.

चार माणसांची पेज आणि एखादी आमटी असेल तर धुराड्याशिवायची उचलून नेता येणारी रॉकेट चूल पुरते, पण ती उघड्या पडवीतच. बंद खोलीत नाही, आणि न्हाणीत तर मुळीच नाही. धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही की रंग नाही. स्वयंपाकघर आतल्या अंगाला असेल, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल, तर धुराड्याचीच चूल घ्यावी, खर्च जास्त झाला तरी. एकीकडे भात, दुसरीकडे वैलावर कालवण असा स्वयंपाक असेल तर दोन भांड्यांची. मात्र दुसऱ्या भोकावर भांडं नसेल तेव्हा ते झाकायला हवं, नाहीतर सगळा फायदा तिथून निघून जातो.

पंख्याच्या चुली आम्हीही आणून पाहिल्या. चांगल्या पेटल्या तर त्यांच्याइतका कमी धूर कुणाचा नाही. पण त्यांना बोटभर तुकडे किंवा पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्या, लागतात, आणि पंखा बंद पडला की चूल बसते. ज्या घरात बारीक तुकडे करायला कुणाला वेळ नाही, तिथे ही चूल महिन्याभरात कोपऱ्यात जाते. ती घ्यायची असेल तर चाचणीचा कागद मागा. भारतीय मानक 13152, 2013 ची आवृत्ती. नैसर्गिक ओढीच्या, म्हणजे बिनपंख्याच्या, चुलीला किमान 25 टक्के आणि पंख्याच्या चुलीला किमान 35 टक्के उष्णता भांड्यात जायला हवी, असं त्यात आहे, आणि धूलिकण व कार्बन मोनॉक्साइडच्या मर्यादाही आहेत. आमचा पहिला नमुना धूलिकणांत नापास झाला होता. जळणाचं तोंड मोठं ठेवलं होतं, लोक त्यात लाकडं कोंबत होते. तोंड चार इंचांवर आणलं, खाली जाळी देऊन हवा लाकडाच्या तळून घेतली, तेव्हा पास झाला. लाकडाची टोकंच जळावीत, बाकीचं लाकूड बाहेर राहावं, हे तोंड लहान असल्याशिवाय होत नाही.

सरपणाबद्दल आम्ही जितकं बोलतो तितकं चुलीबद्दल बोलत नाही. ओलं लाकूड जगातल्या कुठल्याही चुलीत धूरच देणार. शिगम्याच्या आधी फोडून ठेवा, मृगाआधी आत घ्या. दोन तुकडे एकमेकांवर आपटले आणि 'टण' वाजलं तर सुकं, 'थप' वाजलं तर अजून नको. आकेशिया, सुरू, काजूच्या फांद्या फोडलेल्या चांगल्या. करवंटी ताकदीची, पण एका वेळी एक-दोनच. सोडण धुमसतं, ते भाणाखालीच बरं. चुडतं फक्त पेटवायला. काजूच्या टरफलाचा जाळ मात्र घरात कधीच करू नये. त्याच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला सोसवत नाही. एका घरी तो जाळून मुलाचे डोळे सुजलेले मी पाहिले आहेत.

एक गोष्ट कुणी आम्हाला सांगितली नव्हती, ती एका आजींनी सांगितली. धुराड्याची चूल बसवून वर्ष झालं होतं. त्या म्हणाल्या, "धूर गेला, बरं झालं. पण माळ्यावरच्या कोकमाच्या सोलांना बुरशी आली, आणि वाशाला भुंगा लागला." खरंच आहे. आपल्या जुन्या स्वयंपाकघरात धूर माळ्यावरचे नारळ, बियाणं, मिरच्या, सोलं सुकी ठेवायचा, लाकडाला कीड लागू द्यायचा नाही. इतका पाऊस पडणाऱ्या मुलखात ही काही लहान गोष्ट नाही. तेव्हापासून आम्ही धुराड्याच्या गरम पाइपभोवती, अंतर ठेवून, सुकवायची लोखंडी फळी देतो. धूर न लागता ऊब मिळते. वाशांना तेल लावायची आठवण आम्ही वर्षाच्या भेटीत करतो, कारण धुराडं साफ करायला आमचा माणूस वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, प्रत्येक घरी जातो. आतली डांबरासारखी काजळी खरवडली नाही तर पाइप तुंबतो, आणि कधी पेटही घेतो.

मधल्या काळात सुरू झालेल्या खाणी 2018 मध्ये पुन्हा बंद झाल्या तेव्हा आमच्याकडे ट्रकचं काम जवळजवळ उरलंच नव्हतं, त्यामुळे तो धक्का पहिल्याइतका लागला नाही. आज वर्कशॉपमध्ये सहा जण आहेत. विटांचं काम कुंभाराची सून पाहते, भुसा किती आणि माती किती हे तिच्या हातालाच कळतं. वाळपईच्या काकींच्या घरी दर चवथीला जातो. चूल तीच आहे, जाळी तेवढी दोनदा बदलली.

सध्या भात उकडायच्या मोठ्या भाणाची चूल करतोय. भाणाचा बुडखा गोल आणि रुंद, त्यामुळे आच एका बाजूला पळते. भोवतीचा पत्र्याचा घेर बोटभर अंतराने बसवला तर ती धरते असं दिसतंय. फोंड्याच्या एका कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, पहिली बसवली आहे, नवं भात आलं की चालू होईल. आई त्या चाचणीला येणार आहे. खोकला गेलाय तिचा, आणि भाणाचा जाळ किती असावा हे आमच्यात तिलाच ठाऊक आहे.