ग्वांगझू-फोशानला मशीन खरेदी : पैसे पाठवायच्या आधी काय काय बघितलं

कॅन्टन फेअरला, म्हणजे चीनमधल्या ग्वांगझूच्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला, निघालोय म्हटल्यावर कुपवाड एमआयडीसीतल्या निम्म्या लोकांनी विचारलं, अलीबाबावर सगळं मिळतंय की, तिकडं कशाला तडमडताय. रेट घरबसल्या मिळतो हे खरंच आहे, तिथं जाऊन फार काही कमी होत नाही. आम्हाला पैसे नक्की कुणाच्या खात्यावर पाठवायचे ते समोर बसून पक्कं करायचं होतं. मला हळद पावडरसाठी पाउच पॅकिंग मशीन घ्यायचं होतं आणि सोबत तासगावचे दाजी, त्यांना बेदाण्यासाठी कलर सॉर्टर (रंगावरनं खराब दाणे वेगळे काढणारं मशीन) बघायचा होता.

फेअर 1957 पासून भरतंय, वर्षातनं दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, तीन टप्प्यांत. मशिनरी पहिल्या टप्प्यात असते, तिकीट काढायच्या आधी तारखा बघा नाहीतर बाहुल्या आणि पडदे बघून परत याल. रजिस्ट्रेशन ऑनलाइन होतं, मेट्रोच्या 8 नंबर लाइननं पाझोऊला उतरायचं. गुगल, व्हॉट्सअप तिथल्या वायफायवर चालत नाही, आपल्या सिमचं इंटरनॅशनल रोमिंग घेतलं तर चालतं, आणि वीचॅट (तिकडचं व्हॉट्सअपसारखं ॲप) इथनंच चालू करून जा कारण तिकडचा सगळा धंदा त्याच्यावरच आहे. दाजी शुद्ध शाकाहारी, त्यामुळं कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर नेलेली, ती उपयोगी पडली.

स्टॉलवर प्रत्येकजण सांगतो आमचीच फॅक्टरी आहे. त्यात बरेच ट्रेडर असतात, ट्रेडर असला म्हणून वाईट असं नाही पण आपल्याला माहीत पाहिजे ना. म्हणून जो पसंत पडला त्याला म्हटलं चला, फॅक्टरी दाखवा. फोशान ग्वांगझूला चिकटूनच आहे, मेट्रोनं जाता येतं, पॅकिंग मशीनवाले तिथं पुष्कळ. ऑफिसच्या भिंतीवर फ्रेममध्ये बिझनेस लायसन लावलेलं असतं, त्याच्यावर 18 अंकी-अक्षरी कोड आणि क्यूआर. फोटो काढा, कोड सरकारी साइटवर टाकून बघा, कंपनी कधी निघाली, मालक म्हणून कुणाचं नाव आहे, धंदा उत्पादनाचा लिहिलाय का नुसत्या व्यापाराचा, सगळं कळतं. साइट चायनीजमध्ये आहे, भाषांतराच्या ॲपनं काम भागतं. इंग्रजी नावावर जाऊ नका, रजिस्टर चायनीज नावच असतं, इंग्रजीत कुणीही काहीही लावतं.

मग प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (पैसे पाठवायच्या आधीचं कच्चं बिल) हातात आला तर बँकेच्या रकान्यात हाँगकाँगच्या भलत्याच कंपनीचं नाव. दाजी तिथंच म्हणाले, "गेटवर एक नाव, बिलावर दुसरं, आन् पैसं तिसऱ्याला? आपल्या बेदाण्याच्या सौद्यात तरी असलं चालत नाय बगा." सेल्सच्या पोरीनं शांतपणे सांगितलं, एक्सपोर्टचं खातं हाँगकाँगला आहे. तर हे तिकडं बऱ्याच जणांचं असतंय, लगेच चोर म्हणायचं कारण नाही. पण आम्ही दोनच गोष्टी सांगितल्या, एक तर लायसनवर आहे त्याच कंपनीचं खातं द्या, नाहीतर दोन्ही कंपन्यांच्या शिक्क्यानिशी पत्र आणि हाँगकाँगच्या कंपनीचा रजिस्ट्रेशनचा कागद द्या. ती आत गेली, फोन झाला, चहा झाला, आणि फॅक्टरीच्याच नावाचं खातं निघालं. नवीन इन्व्हॉइसवर लाल गोल शिक्का मारून घेतला, बँकेचं नाव, खाते नंबर, स्विफ्ट कोड (परदेशी पेमेंटसाठीचा बँकेचा कोड) सगळं त्याच्यावर, आणि खालच्या बाजूला एक ओळ टाकून घेतली की हे खातं ईमेलवरनं बदलणार नाही.

ही ओळ का, तर मिरजेतल्या एका ओळखीच्यांचं उरलेलं पेमेंट असंच गेलं. त्याच जुन्या मेलच्या खाली उत्तर आलेलं, आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या नवीन खात्यावर पाठवा, सही-लोगो सगळं तेच. मेल आयडीत 'एम'च्या (m) जागी 'आर' आणि 'एन' (rn) होतं, शेजारी लिहिलं की 'एम'सारखंच दिसतं, घाईत कुणाच्या लक्षात येणार. खातं बदललं असा मेल आला की त्याच्यातल्या नंबरवर फोन करू नका, भेटीत घेतलेल्या नंबरवर व्हिडिओ कॉल लावून माणसाचं तोंड बघा. बँक नाव जुळवून बघेलच असंही धरून चालू नका. आणि चुकून पैसे गेलेच तर त्याच तासाला बँकेला स्विफ्टनं रिकॉल (पैसे परत मागवायचा निरोप) टाकायला सांगा, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका.

आमचं ठरलं 30 टक्के ॲडव्हान्स, 70 टक्के माल चेक झाल्यावर. इथनं आपली हळद पावडर आणि आपलेच पाउच नमुन्याला नेलेले ते तिथंच ठेवून आलो, कारण त्यांच्या पावडरीवर मशीन छान चालतं आणि आपली हळद टाकली की ऑगर (पावडर मोजून सोडणारा स्क्रू) जाम होतो. एसजीएस किंवा ब्युरो व्हेरिटाससारख्या तपासणी कंपन्यांकडनं इन्स्पेक्शन करून घेता येतं, मोठी रक्कम असेल तर खर्च करावाच. दर एफओबी (तिकडच्या बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतचा) घ्या आणि फॉरवर्डर (पुढं माल पाठवायची व्यवस्था करणारा) आपला नेमा, मग माल खरंच गोदामात आला का ते सप्लायरच्या फोटोवरनं नाही, आपल्या माणसाकडनं कळतं. एलसीचं (लेटर ऑफ क्रेडिट, ठरलेले कागद दिले की बँक पैसे देते ती हमी) लोक सांगतात, पण एका मशीनला बँकेचे चार्जेस परवडत नाहीत, आणि यूसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमानं बँक कागद बघते, माल नाही. एलसी काढलीच तर इन्स्पेक्शन सर्टिफिकेट कागदांच्या यादीत घालायला विसरू नका.

निम्मी रक्कम पर्सनल खात्यावर टाका, बिल कमी दाखवू, ड्युटी वाचेल असंही एका स्टॉलवाल्यानं सुचवलं. तिथनं सरळ उठलो. कस्टमचं लचांड वेगळंच, आणि भांडण झालं तर दाखवायला कागदच नाही. पैसे सांगलीत येऊन बँकेतनंच पाठवले, आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर) आणि इन्व्हॉइस लागतो, माल आल्यावर बिल ऑफ एंट्री (माल आयात झाल्याचा कस्टमचा कागद) बँकेत द्यायचं नाहीतर तिथं एंट्री उघडी राहते आणि पुढच्या पेमेंटला अडतं.

दाजींचा सॉर्टर फेअरमध्ये ठरला नाही. सॉर्टरवाले जास्त चीनमधल्याच हेफेई शहरात आहेत, तिथल्या एका पार्टीकडनं लायसनचा फोटो मागवलाय, तो आला की मग तिकिटाचं बघू.