फुलांचा स्कार्फ: एकतिसाव्या तुकड्यापर्यंत

फुलांची नक्षी असलेल्या रेशमी स्कार्फसाठी चाचणीचे एकतीस तुकडे झाले. स्कार्फ मात्र अजून एकच, आणि त्याचंही एक टोक कोरं आहे. पण गेल्या खेपेला जिथे अडकले होते तिथून बरीच पुढे सरकलेय, म्हणून ही नोंद.

तेव्हा माझा सगळा जीव कागदावरच्या मांडणीत होता. जलरंगात काढलेली फुलं, १५ सेंमीच्या तीन उभ्या रांगा, ३० सेंमीनं नक्षी पुन्हा सुरू आणि मधली रांग १५ सेंमी खाली सरकवलेली, म्हणजे नेहमीचा हाफ-ड्रॉप रिपीट. १८० बाय ४५ सेंमीच्या स्कार्फवर लांबीत सहा वेळा नेमका बसत होता. हिशेब इतका सुटसुटीत जमला की मी खूश. रेशमावर रंगवला आणि स्कार्फचा पडदा झाला. फुलं वाईट नव्हती, रंगही बरे होते, पण गळ्यात घातल्यावर कुणीतरी खिडकी गुंडाळून चाललंय असं वाटत होतं.

का, ते आरशासमोर उभी राहिले तेव्हा लक्षात आलं. ४५ सेंमीचा स्कार्फ आपण पसरून घालतच नाही. लांबीतून दोन घड्या पडल्या की हातात उरते ती जेमतेम ११ सेंमीची पट्टी. माझं प्रत्येक फूल १२ सेंमीचं! म्हणजे अख्खं फूल कधी दिसणारच नव्हतं. कुठे अर्धी पाकळी, कुठे नुसता देठ. त्यात गाठ मारली की कापडाची उलटी बाजू वर येते, आणि तिथे माझा रंग फिकट, डागाळलेला. मोकळी लोंबतात ती फक्त दोन टोकं, प्रत्येकी ३५ सेंमी धरा. नक्षी सलग दिसायची जागा तेवढीच.

तेव्हापासून टेबलावर पसरून नक्षी पसंत करणं बंद. २० बाय २० चा प्रत्येक तुकडा एका कोऱ्या स्कार्फला कच्च्या टाक्यांनी जोडते, गळ्यात गुंडाळते, आरशापासून चार पावलं मागे जाते. मग ठरवते. या एका सवयीनं निम्म्याहून जास्त तुकडे बाद झाले आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

कापडाचं थोडक्यात सांगते, कारण मागे विचारणा झाली होती. हाबोताई रेशीम (पातळ, गुळगुळीत विणीचं), ८ मोम्मे (रेशमाच्या वजनाचं माप), म्हणजे चौरस मीटरला साधारण ३५ ग्रॅम. पूर्ण स्कार्फ भरतो २८ ग्रॅम. सौम्य साबणानं धुवून, रंग धरावा म्हणून तुरटीत घालते: कापडाच्या वजनाच्या १५ टक्के, म्हणजे ४.२ ग्रॅम. एवढ्याशा वजनाला स्वयंपाकाचा काटा चालत नाही, दशांश दाखवणारा छोटा काटा घ्या. पाणी उकळू द्यायचं नाही; ८५ अंशांच्या वर रेशमाची चमक जायला लागते. तासभर गरम ठेवून रात्रभर त्याच पाण्यात सोडते. भांडी, चमचे, चाळणी सगळं रंगकामापुरतं वेगळं, ती परत स्वयंपाकघरात जात नाहीत. आणि रंगवलेल्या रेशमावर ब्लीचनं पांढरी फुलं काढायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर ती सोडून द्या. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ते रेशमाचं प्रथिनच खातं. तुकडा ५ मध्ये फुलांच्या जागी फुलांच्या आकाराची भोकं आहेत.

तुकडे ६ ते १३ ठोकण्यात गेले. कापडावर ताजं फूल, वर दुसरं फडकं, आणि हातोडी. झेंडू अख्खा ठेवला तर नुसता चिखल होतो. पाकळ्या सुट्या करून मांडल्या तर प्रत्येकीची किनार उमटते. केशरी कॉसमॉस या कामाचा राजा आहे. पातळ, सपाट, पाकळीच्या टोकाचे दातेसुद्धा येतात. तुरटीवर त्याचा रंग मधासारखा उतरतो, आणि धुण्याच्या सोड्याचं पातळ द्रावण ब्रशनं लावलं की तिथेच लालसर होतो. एकाच फुलात दोन छटा मिळतात, म्हणून ही युक्ती मी जपून वापरते. प्रत्येक फुलावर केली तर तिची मजा जाईल. सोडाही रेशमाला मानवत नाही, तेव्हा लगेच धुवायचं.

गोकर्ण आणि जास्वंदीनं मात्र फसवलं. पहिल्या दिवशी इतका सुंदर निळा-जांभळा की मी फोटो काढत सुटले. अर्धा तुकडा पुठ्ठ्याखाली झाकून पंधरा दिवस खिडकीत ठेवला. उघडा भाग राखाडी पडला होता. या फुलांचा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. लिंबाच्या थेंबानं गुलाबी, साबणाच्या पाण्यानं हिरवट, आणि उन्हात गायब. झेंडू-कॉसमॉसमधली पिवळी रंगद्रव्यं तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमला पक्की धरून बसतात, त्यांच्या तुकड्यावर झाकलेला भाग आणि उघडा भाग शेजारी ठेवूनही फरक शोधावा लागला. डोळ्यांना आवडलेलं फूल आणि कापडाला मानवलेलं फूल यांची गल्लत मी आठ तुकडे करत होते.

ठोकण्याचा मोठा फायदा उलट्या बाजूला आहे. इतकं पातळ रेशीम असलं की रस आरपार जातो. गाठीत कुठलीही बाजू वर आली तरी चालते. या एका कारणासाठी मी रंगद्रव्याचे जाड रंग आणि ब्रश बाजूला ठेवले.

मग वाफ. पाकळ्या पसरायच्या, कापड काठीवर घट्ट गुंडाळायचं, दोऱ्यानं करकचून आवळायचं, दीड तास वाफवायचं. गार होईपर्यंत सोडायचं नाही (हे लिहायला सोपं आहे). गुंडाळताना थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ कागद घालतात, नाहीतर एका थराचा रंग दुसऱ्यात उतरतो. तुकडा १६ ला मी तो विसरले. लांब पट्टी होती, आठ-नऊ वेढ्यांची. सोडली तर प्रत्येक पाकळीच्या मागेपुढे तिच्या सावल्या, एकामागून एक फिकट होत गेलेल्या, काही आरशातल्यासारख्या उलट्या. टेबलावर ते प्रकरण गचाळ दिसत होतं. बाद म्हणून ठेवूनही दिलं होतं. दोन दिवसांनी सवयीप्रमाणे सगळे बाद तुकडे एकदा गळ्यात घालून बघताना हा हातात आला आणि मी आरशासमोरून हललेच नाही. घड्यांमध्ये आकार तुटले की डोळा ते जोडायला बघतो आणि दमतो. इथे जोडण्यासारखं काही नव्हतंच. नुसता पिवळा-केशरी ओलावा, त्यात मधूनच एखादी पाकळी ठळक. मानेभोवतीच्या ११० सेंमीचा प्रश्न तिथे सुटला. कडक किनारीची फुलं टोकांना, विरघळलेली मध्ये.

आता टोकं. तिथे मला स्पष्ट रेघ हवी होती, म्हणून सायनोटाइप: कापडाला रसायन लावायचं, वर फूल ठेवून उन्हात धरायचं, मग झाकलेली जागा पांढरी राहते आणि बाकीची निळी होते. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शलनं ही पद्धत १८४२ मध्ये काढली आणि पुढच्याच वर्षी इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्सनं समुद्री शेवाळं थेट कागदावर ठेवून त्यांचे निळे ठसे घ्यायला सुरुवात केली. शेवाळं! पातळ, झिरझिरीत, काचेखाली सपाट होणारी. मी गुलाब ठेवत होते. गुलाबाची सावली म्हणजे पांढरा बटाटा. सायनोटाइपला फुलाचं सौंदर्य कळत नाही, त्यातल्या फटी कळतात. शेपूचा फुललेला तुरा, गाजराच्या फुलाची छत्री, गवताची कणसं यांच्यातून ऊन गाळून जातं आणि प्रत्येक काडी वेगळी दिसते. चार दिवस जड पुस्तकांखाली दाबून घ्या. ताजा देठ कापडापासून वर राहतो आणि त्याच्या कडा पसरट येतात. काच ठेवून चारी बाजूंनी चिमटे लावा. १९ व्या तुकड्यावर मध्येच वारा सुटला, कापड बोटभर सरकलं, आणि प्रत्येक काडीला जुळं भावंड झालं.

मोठ्या पारदर्शक फिल्मवर पाकळीचा तिप्पट मोठा केलेला फोटो छापूनही पाहिला. प्रिंटरचे ठिपके दिसतात. सोडून दिलं.

खरी गंमत २२ व्या तुकड्यावर. त्यात मी सगळंच एकत्र करायला गेले. पानांच्या ठशांना गडद किनार यावी म्हणून हिराकशीच्या पाण्यात भिजवलेलं सुती फडकं वर घालून वाफवलं, धुतलं, वाळवलं, आणि त्याच तुकड्यावर अंधाऱ्या खोलीत सायनोटाइपचं द्रावण लावलं. मंद पिवळा दिवा होता. ऊन नाही, खिडकी बंद. आणि डोळ्यांसमोर पानं निळी व्हायला लागली. आधी वाटलं दिवा जास्त झाला. दिवा बंद करून चाचपडत बाहेर आले, अर्ध्या तासानं पाहिलं तर पानं पूर्ण निळी आणि मधलं कापड होतं तसं पिवळट.

नंतर डोकं शांत झाल्यावर उमगलं. या द्रावणात दोन गोष्टी असतात: फेरिक अमोनियम सायट्रेट (मी १०० मिलि पाण्यात २५ ग्रॅम घेते) आणि पोटॅशियम फेरिसायनाइड (१०० मिलित १० ग्रॅम), दोन्ही समप्रमाणात. उन्हातले अतिनील किरण फेरिक लोहाचं फेरस करतात (लोहाचीच ही दोन रूपं), आणि फेरस लोह फेरिसायनाइडला भेटलं की प्रशियन ब्लू तयार. ऊन लागतं ते फेरस बनवायला. हिराकस म्हणजे आयतंच फेरस सल्फेट! जिथे ते कापडात शिल्लक होतं तिथे उन्हाची गरजच उरली नाही. शिवाय पानांतलं टॅनिनही फेरिकला फेरसकडे ढकलतं, म्हणून हिरड्यात बुडवलेल्या कापडावर सायनोटाइप केला की पांढरी जागा मळकट निळी होते. तुकडा २० असा का झाला होता तेही त्याच दिवशी कळलं.

मग मुद्दाम तेच केलं. एक टक्का हिराकशीच्या पाण्यात गवार गम घालून दाट केलं, बारीक ब्रशनं कोऱ्या रेशमावर देठ काढले, वाळताक्षणी नुसत्या फेरिसायनाइडच्या पाण्यात बुडवलं. निळी रेघ ब्रशच्या मागून धावत आल्यासारखी उमटते. पण तासाभराच्या आत बुडवायला हवं. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलेल्या तुकड्यावर रेघ फिकी, हिरवट आली, कारण तोवर हवेनं बरंचसं फेरस पुन्हा फेरिक केलेलं असतं. रेघ थोडी पसरते, ते मला आवडतं. लेखणीनं काढल्यासारखी नको होती. हे फक्त देठांपुरतं वापरतेय. हिराकस जास्त झाली की रेशीम काही वर्षांत कुरकुरीत होतं, आणि स्कार्फ तर रोज ताणला जाणारा.

हातमोजे घाला, पूड मोजताना मास्क लावा, फेरिसायनाइड आम्लांपासून आणि आचेपासून लांब ठेवा. हिराकशीचा ओला हात मी एकदा वाफेसाठी तयार कापडाला लावला होता. तीन बोटांचे राखाडी डाग. त्यांना कळ्या म्हणून खपवायचा प्रयत्न केला. ती बोटंच दिसतात.

या सगळ्यातून स्कार्फसाठी ठरलेला क्रम असा: आधी पूर्ण कापड तुरटीत. मधल्या ११० सेंमीवर झेंडू आणि कॉसमॉस, प्लास्टिक न घालता गुंडाळून वाफ. हिराकशीचं फडकं नाही. मग आठवडाभर वाळू देऊन, धुवून, टोकांना सायनोटाइप. उलट्या क्रमानंही पाहिलं होतं, आधी निळं मग वाफ. ओल्या पाकळ्या जिथे टेकल्या तिथे निळं मळलं. जिथे पिवळं आणि निळं एकमेकांवर येतं तिथे चार बोटं हिरवी पट्टी मिळते. ती आयती पानांसारखी दिसते, तिथे मी काहीच काढलेलं नाही.

धुण्याचं एक लक्षात ठेवा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात: अल्कलीत प्रशियन ब्लू टिकत नाही. कपडे धुण्याची पावडर किंवा सोडा लागला की निळ्याचं पिवळट-तपकिरी होतं, आणि ते परत येत नाही. उन्हानं थोडं फिकटलेलं निळं मात्र अंधारात ठेवलं की बऱ्याच अंशी परत येतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी कपाटाचं दार तीनदा उघडलं.

आजची स्थिती: मधला भाग झाला, एक टोक झालं. तिथे शेपूचे पाच तुरे आहेत, तीन उंच, दोन कडेनं अर्धे कापलेले, कारण लोंबताना कड आत वळते आणि अख्खे ठेवले असते तरी अर्धेच दिसले असते. देठ हिराकशीचे. एका देठाला मध्येच गाठ आलीय, ब्रश टेकवून विचार करत बसले होते त्याची. कडेला सगळीकडून १ सेंमी सोडलाय, तो बोटानं गुंडाळून बारीक तुरपाई घालणार. मशीनची कडक टीप या कापडाला लाटा आणते.

दुसरं टोक थांबलंय कारण तुरे संपले. कुंडीतल्या शेपूला आता कुठे कळ्या धरल्यात. तोपर्यंत पाचच्या जागी तीन तुरे ठेवले तर कसं दिसेल, ते ३० आणि ३१ व्या तुकड्यांवर पाहतेय. दोन्ही टोकं सारखी नसावीत असं माझं मत होत चाललंय. तुमच्यापैकी कुणी टोकं मुद्दाम वेगळी केली असतील तर गळ्यात घातल्यावर ती कशी दिसतात ते कळवा. टेबलावरचा फोटो नको.