मागची काच

एखादी गाडी २०१२ च्या आधीची आहे का, हे नागपुरात कागद न बघताही ओळखता येतं. मागची काच जांभळी पडलेली असली की समजायचं. त्या वर्षी २७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म लावायला मनाई केली आणि ४ मेपासून ती लागू झाली. मुहूर्त असा, की नागपूरकराला तो जातीने उगवलेला सूड वाटावा. लोकांनी बाजूच्या काचा मुकाट्याने साफ केल्या, कारण चौकात हवालदाराला त्याच आधी दिसतात. मागची राहून गेली. बाबांच्या गाडीचीही राहिली, आणि गाडी माझ्याकडे आली तेव्हा तीही सोबत आली.

नियम तसा जुनाच होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे की पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. पण तेव्हा कोण मोजत होतं! उन्हासाठी लावली, असं सगळेच सांगायचे. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत काळ्या काचांची गाडी आली की आत कोण आहे ते कळत नसल्यामुळेच लोक बाजूला व्हायचे, आणि आत बहुतेक वेळा कोणी विशेष नसायचं. झेड आणि झेड प्लस सुरक्षेवाल्यांना न्यायालयाने सूट ठेवली होती. बाकीच्यांना एकदम उजेडात यावं लागलं.

उन्हाचं म्हणाल, तर त्या स्वस्त रंगीत फिल्मने डोळ्यांना गार वाटायचं, गाडीला फारसं नाही. सूर्याच्या उष्णतेतला जवळपास अर्धा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो आणि काळा रंग मुख्यतः दिसणारा उजेड अडवतो. अडवलेलं ऊन जाईल कुठे? ते काचेतच मुरायचं, काच तापायची आणि त्यातला बराच ताप मागच्या सीटवर बसलेल्याच्या मानेवर उतरायचा. बाबा तरी म्हणायचे, ‘फिल्म आहे म्हणून बरं आहे.’

ती जांभळी का होते, याचं उत्तरही उन्हातच आहे. काळा म्हणून जो रंग दिसतो तो दोन-तीन रंगांची मिसळ असते. अतिनील किरण ते रंग फोडत जातात, पण सगळे एका वेगाने नाही. जे आधी विटले ते गेले, जे तग धरून राहिले त्यांचा हा जांभळा. पुढे डिंक सुटतो, फुगे धरतात, आणि आरशात मागून येणारी ट्रॅव्हल्स डाग पडलेल्या वांग्यासारखी दिसायला लागते. माझा निर्णय त्या ट्रॅव्हल्सने केला.

गाड्या सजवणाऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने काचेवरून नख फिरवलं आणि मान हलवली.

‘बाजूची असती तं पंधरा मिनिटांत काढून देल्ली असती, ताई. मागच्या काचेले तारा आहे नं. ब्लेड लागली का तारा गेल्या. मंग तुम्ही मलेच म्हनान.’

तारा म्हणजे डिफॉगरच्या, विजेने तापून काचेवरचं धुकं घालवणाऱ्या त्या आडव्या बारीक रेघा. त्या काचेच्या आतल्या बाजूवर छापलेल्या असतात आणि फिल्म नेमकी त्यांच्यावरच चिकटवलेली असते. एक रेघ तुटली की तिच्यातून वीज जात नाही. ज्या गावात धुकं वर्षातून मोजक्या सकाळी पडतं, तिथे धुकं पुसणाऱ्या तारांनी माझं ब्लेड अडवून धरावं! पण तो जाता जाता उपायही सांगून गेला.

‘नवतपा लागू द्या. उनातच निघते ते.’

नवतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात आल्यावरचे, मेच्या अखेरीचे नऊ दिवस. या दिवसांत शहाणी माणसं कूलरसमोरून हलत नाहीत. नागपूरच्या उन्हाची ख्याती सांगायला नको. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. २०२४ मध्ये एका स्वयंचलित यंत्राने तर ५६ दाखवले होते. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. गावातल्या निम्म्या लोकांचा मात्र अजूनही सेन्सरवरच विश्वास आहे.

कृती सोपी आहे. कचऱ्याची मोठी काळी पिशवी काचेच्या मापाने कापायची. आतून फिल्मवर साबणाचं पाणी भरपूर फवारायचं आणि त्यावर पिशवी चिकटवायची. पिशवीचं मुख्य काम ओल धरून ठेवणं. नाहीतर इथे पाणी फवाऱ्यातून काचेपर्यंत पोचेपर्यंतच सुकतं. मग गाडीची पाठ उन्हाकडे करून घरात निघून जायचं. काही जण साबणाऐवजी अमोनिया वापरतात. बंद गाडीत, मेमध्ये, अमोनिया! ज्याला नाक-डोळे नको झाले असतील त्याने खुशाल करावं.

तासाभराने डिंक मऊ पडतो. वरचा कोपरा नखाने सोडवायचा आणि फिल्म काचेलगतच मागे दुमडून, हळू, तारांच्या दिशेनेच ओढायची. घाई केली की वरचा पापुद्रा तेवढा हातात येतो आणि डिंक काचेवर मागे राहतो. सावकाश ओढली तर डिंकही सोबत येतो आणि चर्र असा आवाज येतो. तो आवाज मला फार आवडला. शेजारच्या काकूंना आवडला नसावा. डोक्याला दुपट्टा बांधून त्या फाटकाशी आल्या.

‘काहून वं, एवढ्या उन्हात काय करून राह्यली?’

‘उनापासून वाचवणारी फिल्म काढून राह्यली, काकू.’

‘उन्हात बसून?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या उन्हाला भिऊन बाबांनी फिल्म लावली, त्याच उन्हाने ती विटवली, आणि आता तेच ऊन फुकटात ती काढून देत होतं. मजुरी काय ती माझ्या पाठीची. उरलेला डिंक साबणाच्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसला. थिनर घरात होता, पण काचेभोवतीच्या रबराला तो खातो, म्हणून बाटलीला हात लावला नाही.

काच आता स्वच्छ आहे आणि सगळ्या रेघा अखंड दिसतात. चालतात का, ते बघायला बटण दाबून काचेवर बोट ठेवलं. बोट भाजलं. बटण बंद करून ठेवलं, तरी भाजलं. रात्री दहाला बघितलं तर तेव्हाही काच कोमटच. तेव्हा तारांचा निकाल डिसेंबरात, अधिवेशनाच्या गाड्या गावात शिरायला लागल्या की लागेल.